डाळमिलच्या सहीचा आहेर

दोन हजाराची गुलाबी नोट माघारी घेणार असं टीव्हीवर आलं, त्या आठवड्यात आमच्या डाळमिलवर तूर घेऊन येणारा जो तो मला एकच विचारायचा, "आता तरी खाणारांचं खाणं बंद हुईल का वो काकू?" मी हसायचे. माणूस भाबडेपणानं विचारत असताना हसणं बरं नव्हे, हे मला कळतं. पण मोठी नोट बंद झाली की लाच कुठं जाते, हे मी एकदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तर तिच्या मागोमाग उमरग्यापर्यंत गेले होते आणि तिथं पंगतीत बसून जेवूनही आले होते.

आमचं गाव माकणीजवळ, लोहारा तालुक्यात. हजार आणि पाचशेच्या जुन्या नोटा बंद झाल्या त्या सालची गोष्ट आहे. दुष्काळाची वर्षं मागं पडून त्या साली पाऊस मनासारखा झाला होता आणि तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. आमच्याकडं तूर पिकते उदंड, पण गावातल्या गावात तिची डाळ करायची म्हणजे बायकांनी जातं ओढायचं. नाहीतर तूर अडतीवर मातीमोल घालायची आणि तीच डाळ होऊन आली की दुकानातून दामदुपटीनं विकत आणायची. हा उफराटा कारभार मला लग्न होऊन आल्यापासून खुपत होता. म्हणून मी शिलाईचे आणि दुधाचे पैसे साठवून एक छोटी डाळमिल घेतली. घराशेजारी पत्र्याचं शेड मारलं, मशीन आणून बसवलं, त्यावर प्लास्टिकचा कागद झाकला आणि सहीसाठी ऑफिसात गेले. डाळमिल चालवायला एका परवानगीवर साहेबांची सही लागायची. ते ऑफिस कुठलं हे मी इथं सांगणार नाही. त्या खुर्चीवर आता दुसरी माणसं बसतात, आणि त्यांचं माझं काही वाकडं नाही.

साहेब बोलायला गोड होते. "बाई, गावात डाळमिल काढताय, कौतुक आहे तुमचं," असं म्हणत त्यांनी हाताची पाच बोटं टेबलावर पसरली. पाच बोटं म्हणजे हजाराच्या पाच नोटा, हे मला शेजारी बसलेल्या माणसानं कानात सांगितलं.

मी विचारलं, "साहेब, पावती मिळंल का?"

"पावती मिळत असती तर मी कशाला मागितले असते?" साहेब म्हणाले आणि स्वतःच खदखदून हसले. मी उठून आले. घरी येऊन मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "देऊन टाक. समदीच देत्यात." त्या रात्री आमच्यात बरीच वादावादी झाली. पैसे होते माझ्याकडं. पण जी सही माझ्या हक्काची होती, तिच्यासाठी बोटं पसरणाऱ्या माणसाच्या हातावर ते ठेवायचे या विचारानंच माझ्या अंगाची लाही होत होती.

आणि मग मोठ्या नोटा बंद झाल्याची बातमी आली. मालक तांदळाच्या डब्यातले पैसे काढून बघत बसले. मी मात्र टाळ्या पिटल्या. म्हटलं, आता बोटं पसरून बसा साहेब. कोण काय ठेवतंय त्यावर, ते बघू.

खरं सांगायचं तर सुरुवातीला परिणाम झाला. नोटबंदीनं काहीच झालं नाही असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. ऑफिसातली माणसं खरंच टरकली होती. चहाच्या टपरीवर साहेबांच्या नावानं चहासुद्धा कुणी पाजेना. ज्यांनी गाद्यांत नोटा भरल्या होत्या त्यांचे चेहरे बँकेच्या रांगेत बघायला मिळाले आणि मला त्याचा आनंद झाला. तो मी लपवला नाही. मी ताठ मानेनं ऑफिसात गेले आणि म्हटलं, "साहेब, आता करा सही."

साहेबांनी सही केली नाही. नाही म्हणालेच नाहीत ते. एकदा म्हणाले कागद वर गेलाय, एकदा म्हणाले खाली आलाय पण सापडत नाही. मी हेलपाटे घालत राहिले. माझ्यासारखी आणखी माणसं बाकावर बसलेली असायची. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की लाच घेणं थांबलं म्हणून काम सुरू झालं नव्हतं. काम पण थांबलं होतं. काय घ्यायचं आणि कसं घ्यायचं हे ठरेपर्यंत साहेबांचा हात कागदाकडं वळणारच नव्हता.

संक्रांत झाली आणि ते ठरलं. साहेबांनी मला आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. "उमरग्याला घर बांधलंय. वास्तुशांत आहे. यायचं बरं का, मालकांना घेऊन." मग आवाज उतरवून म्हणाले, "पाकीट-बिकीट काही नको. त्या नोटांचा आता काही भरवसा नाही. चांदीचं काहीतरी आणा आहेर म्हणून. वास्तूला चांगलं असतं."

मी बाहेर आले आणि बाकावर बसलेल्यांना विचारलं. त्यातल्या निम्म्यांना वास्तुशांतीचं आमंत्रण होतं.

मला राग तर आलाच, पण त्याहून जास्त नवल वाटलं. परगावचा, परमुलखातला साहेब असता तर त्याला हे सुचलं नसतं. त्यानं सोनाराकडून, दलालाकडून गुपचूप काही मागवलं असतं. आमचे साहेब पडले इथलेच. आहेर आणलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. पण हावेच्या भरात आहेराच्या दोन गोष्टी ते विसरले. आमच्याकडं आहेर खिशात घालत नाहीत, तो माईकवरून पुकारतात. मांडवाच्या कडेला एक माणूस बसलेला असतो, तो नाव विचारतो, गाव विचारतो, आणि टॉवेल-टोपी असली तरी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं पुकारतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे घेतलेला आहेर फेडावा लागतो. ज्यानं आहेर केला त्याच्या घरी कार्य निघालं की आपण तेवढाच, जमलं तर काकणभर जास्त, घेऊन जायचं. कार्य नसताना तो परत नेऊन देता येत नाही. तसं करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर फेकण्यासारखं. बरं, आहेर फेडल्याशिवाय आमच्या जुन्या बायकांच्या जिवाला चैन पडत नाही.

मी मालकांना म्हटलं, "आपण आहेर करायचा."

मालकांना हायसं वाटलं. "बघ, मी तवाच म्हणत हुतो."

"पण माझ्या पद्धतीनं करायचा," मी म्हटलं, आणि पद्धत सांगितली तसं त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, सही जाईल आपली कायमची! तूर घरात पडलीय, तिला कीड लागंल. लई लांबण लावू नको."

तक्रार करा असं सांगणारेही भेटले होते. त्यांचं चुकीचं नव्हतं. पण मला साहेबांना पकडून द्यायची तेवढी हौस नव्हती. मला माझी डाळमिल चालायला हवी होती, आणि ती चालल्यावर कुठल्या कोपऱ्यात कुणाच्या हातावर काय टेकवलं याचा सल मनात नको होता. जे द्यायचं ते चारचौघांत द्यायचं, असं मी ठरवलं आणि चांदीचा एक चांगला ठसठशीत तांब्या घेतला. मालक म्हणाले, जरा हलका घे. मी म्हटलं, लांबून दिसला पाहिजे.

उमरग्याला हायवेच्या मागं साहेबांचं नवं घर होतं. दारात मांडव, आत जंगम पूजा सांगत होते, आणि मागं हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, पंगती चालल्या होत्या. हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न वाजले की आहेर पुकारणारा थांबायचा आणि पुन्हा सुरू करायचा. घराच्या उंबऱ्याजवळ साहेबांच्या आई बसल्या होत्या. कपाळाला विभूती, हिरवं इरकल, आणि कान माईककडं. सगळे त्यांना अव्वा म्हणत होते. कुणी काय आणलं ते त्या मन लावून ऐकत होत्या, कारण ते सगळं पुढं त्यांनाच फेडायचं होतं.

मी तांब्या पुढं ठेवला. माईकवाल्यानं नाव विचारलं, गाव विचारलं, मग म्हणाला, "नातं काय लावू? का स्नेही म्हणू?"

"नातं न्हाय, स्नेही पण न्हाय," मी म्हटलं. "डाळमिलच्या सहीनिमित्त, असं म्हणा."

त्यानं माझ्याकडं मान वर करून पाहिलं. "काय निमित्त?"

"डाळमिलची परवानगी हाय. तिच्यावर साहेबाची सही व्हायची हाय. त्या निमित्तानं."

सकाळपासून पुकारून त्याचा घसा बसला होता. "माझं काय जातंय," असं पुटपुटला आणि सगळे आहेर ज्या सुरात पुकारले होते त्याच सुरात त्यानं पुकारलं. माझं नाव, गावाचं नाव, डाळमिलच्या सहीनिमित्त, साहेबांना चांदीचा तांब्या.

पंगतीत वाढणाऱ्याचा हात थांबला. कुणीतरी तोंडावर रुमाल धरून हसलं. साहेब पूजेवरून उठून मांडवात आले होते, त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. माझ्या मागं आहेर घेऊन उभे असलेले दोघंतिघं हळूच रांगेतून बाजूला झाले. अव्वा माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मी त्यांना नमस्कार केला आणि पंगतीला जाऊन बसले. मी हुग्गी दोनदा मागून घेतली, कारण आता घाबरलेलं दिसून चालणार नव्हतं.

घरी आल्यावर मालक एवढंच म्हणाले, "मेली आता सही."

तसंच झालं. साहेबांनी माझा कागद बाजूला टाकला. ऑफिसात गेले की मला बसायलाही कुणी सांगेना. तिकडं तुरीचा भाव रोज उतरत होता, आणि गावातल्या बायका, ज्यांनी माझ्या भरवशावर तूर घरात ठेवली होती, त्या अडतीकडं बघायला लागल्या. "काकू, तुमचं मशीन हाय व्हय अजून?" असा टोमणाही ऐकला. मी शिलाई मशीनवर बसून रागानं रडायचे. पण आमची तूर मी विकू दिली नाही. तिला तेल-पाणी लावून अंगणात वाळवत राहिले, जणू उद्याच भरडायची आहे.

शिमग्याच्या सुमाराला एके दुपारी दारात एक म्हातारी उभी. हातात कापडी पिशवी, उन्हानं चेहरा लाल झालेला. अव्वा होत्या. उमरग्याहून एसटीनं एकट्याच आल्या होत्या. मी त्यांना आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, चहा ठेवला. चहा पिऊन त्यांनी पिशवीतून तांब्या काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

"पोरी, हे घे आन् मला मोकळी कर. देवळात गेले की बाया इचारत्यात, कसल्या सहीचा आहेर गं अव्वा? म्या लेकाला इचारलं. तो म्हणला, तू तुझी पूजा कर. मला जेवण गोड लागंना."

आतल्या खोलीतून मालक मला डोळ्यांनी खुणावत होते, घे, घे. माझेच पैसे होते ते, माझ्या घामाचे. मला त्या म्हातारीची दयाही आली. पण मी तांब्याला हात लावला नाही.

मी म्हटलं, "अव्वा, निमित्ताशिवाय आहेर माघारी घ्यायची आमच्यात रीत न्हाय. तुमच्यात हाय का?"

अव्वा हळूच म्हणाल्या, "न्हाय."

"मग माझ्या घरी कार्य निघंल तवा घेऊन या. मी मानानं घेईन."

"तुझ्या घरी कंचं कार्य हाय?"

मी त्यांचा हात धरून शेडमध्ये नेलं आणि मशीनवरचा कागद वर केला. "ह्याची पूजा."

अव्वांनी मशीनवरून हात फिरवला, बोटाला लागलेली धूळ पाहिली. "चालू का केली न्हाईस?"

मी मशीनवर पुन्हा कागद झाकला. अव्वांनी तांब्या पुन्हा पिशवीत घातला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "पूजेचं कळीव." मी त्यांना एसटीत बसवून आले.

पुढं त्यांच्या घरात काय झालं ते मी पाहिलं नाही. ऐकलं ते एवढंच, की अव्वांनी नव्या घरात अन्नाला शिवणं सोडलं, जुन्या भाड्याच्या खोलीत जाऊन एकट्या भाकरी थापायला लागल्या, आणि का म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकाला कारण सांगायला लागल्या. थोड्याच दिवसांत ऑफिसातला शिपाई निरोप घेऊन आला, कागद घेऊन जा. मी गेले. साहेबांनी मान वर केली नाही. सही केली, शिक्का मारला, कागद माझ्याकडं सरकवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "पूजेची तारीख अव्वाला कळवा." त्या वेळी त्यांचा मला राग आला नाही. एवढा मोठा माणूस आईपुढं किती लहान झाला होता, ते दिसत होतं.

साहेब त्यानंतर सुधारले का, मला ठाऊक नाही. त्यांची बदली झाली. हजाराची नोट गेली, दोन हजाराची आली, तीही गेली. आता म्हणे खाणारी माणसं आपल्या मेव्हण्याच्या दुकानाच्या स्कॅनरवर पैसे टाकायला सांगतात, आणि तिथं पेटी बोलते, एवढे रुपये प्राप्त झाले. कशासाठी प्राप्त झाले ते पेटी बोलत नाही. म्हणून तूर घेऊन येणारा मला नोटेचं विचारतो तेव्हा मी सांगते, बाबा, नोट बंद केली की लाच घेणारा थोडे दिवस घाबरतो, आणि त्या थोड्या दिवसांत आपण काय करतो त्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मी नुसत्या टाळ्या पिटत बसले असते तर साहेबांच्या घरात आणखी चांदी जमली असती. अलीकडं गावातली कुणी बाई अशा कामाला निघाली की मला सोबत नेते. मी जाते, आणि कशासाठी पैसे मागताय ते मोठ्यानं विचारते. कधी काम होतं, कधी होत नाही. तरी मी विचारायचं सोडलेलं नाही.

डाळमिलची पूजा आम्ही पाडव्याला केली. शेडला आंब्याची डहाळी बांधली, लहानसा मांडव घातला आणि माईक मागवला. मालक म्हणाले, एवढ्याशा कार्याला माईक कशाला? मी म्हटलं, लागंल. गावातल्या बायका नारळ, खण घेऊन आल्या, आणि येतानाच वाळवलेल्या तुरीच्या गोण्याही घेऊन आल्या. एकीमागं एक गोण्यांची रांग लागली. आहेर पुकारणं चालू असताना एक मोटार येऊन लिंबाखाली थांबली. अव्वा उतरल्या. साहेब गाडी चालवत होते, ते आतच बसून राहिले.

अव्वांनी पिशवीतून तांब्या काढला, त्यावर एक नवी साडी ठेवली. पुकारणाऱ्यानं रीतीप्रमाणं विचारलं, "कुणाकडून म्हणू? निमित्त?"

"आण इकडं," म्हणत अव्वांनी माईक हातात घेतला. त्यांचा आवाज खणखणीत लागला. "म्या साहेबाची आई. माझ्या लेकानं हक्क नसताना आहेर घेतला हुता, तो समद्यांच्या म्होरं माघारी देते. आन् ही साडी माझ्याकडून, ह्या पोरीला."

मांडवात कुणी हसलं नाही. मी दोन्ही हातांनी तांब्या आणि साडी घेतली आणि अव्वांच्या पाया पडले. मला रडू आवरेना. अव्वांनी माझे डोळे पुसले आणि गाडीकडं वळून हाक मारली, "तूर काढ रं खाली. आन् रांगंत लाव."

साहेबांनी डिकीतून तुरीची गोणी काढली. बायकांनी वाट करून दिली, पण अव्वांनी हातानंच खूण केली, पुढं नाही, मागं. साहेब गोणी घेऊन सगळ्यांच्या मागं उभे राहिले. मशीन सुरू झालं, पिवळीधमक डाळ खाली पडायला लागली, आणि रांग सरकत सरकत दुपार टळल्यावर त्यांचा नंबर आला. मी त्यांची तूर भरडली, सगळ्यांना सांगितली होती तीच भरडाई त्यांना सांगितली. त्यांनी खिशातून नोट काढून दिली. कितीची होती ते आता आठवत नाही. सगळ्यांच्या समोर दिली, एवढं आठवतं.